एका फार्दिंगची अब्रू

आमच्या लहानपणी 'कॅडबरी' हे कुणा कंपनीचे नाव आहे हे आम्हा भावंडांना ठाऊकच नव्हते. वनस्पती तुपाला जसे सगळे डालडा म्हणत, तसे चंदेरी कागदात गुंडाळलेल्या कोणत्याही तपकिरी वडीला कॅडबरी म्हणायचे, एवढेच आम्हाला माहीत. वार्षिक परीक्षेचा निकाल लागला की वडील एक वडी आणीत. आई ती पोळपाटावर ठेवून सुरीने तिचे चार भाग करी, आणि कुणाचा भाग मोठा यावर जी भांडणे जुंपत ती शाळा उघडेपर्यंत पुरत. पुढे आम्ही ठाण्यास राहावयास आलो. तेथे तर कॅडबरीचा प्रत्यक्ष कारखानाच, आणि चौकालाही त्याचेच नाव. बसचा कंडक्टर "कॅडबरी, कॅडबरी" असा पुकारा करी तेव्हा बसमधली लहान मुले आशेने माना वर करीत, ते अजून आठवते.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, पुढे जे लिहिणार आहे ते कुणाच्या तोंडचा घास कडू करण्यासाठी नव्हे. त्या वडीशी माझे वैर नाही. वैर असलेच तर ते माझे माझ्याशीच आहे. पण तो भाग मागाहून.

गेल्या भाऊबीजेला धाकटी बहीण तिच्या मुलीला घेऊन आली. ही माझी भाची एका बऱ्यापैकी मोठ्या कंपनीच्या 'सामाजिक जबाबदारी' खात्यात नोकरीला आहे. असेही खाते असते, आणि त्यात पगार मिळतो, हे आमच्या सौभाग्यवतीला अजून पटलेले नाही. ओवाळणे झाले, फराळाची ताटे आली, आणि भाचीने पिशवीतून चॉकलेटांचा एक थोरला डबा काढून मामीच्या हातात दिला. कंपनीचे नाव सांगत नाही. डब्यावर एक हसरी शाळकरी मुलगी छापली होती, आणि खाली मजकूर होता की, या डब्याच्या किमतीतला काही भाग खेड्यातील मुलींच्या शिक्षणाला दिला जाईल.

"काही भाग म्हणजे किती गं?" मी सवयीने विचारले. सदतीस वर्षे हिशेब लिहिण्यात घालवलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार?

"ते लिहिलेलं नाही," ती हसून म्हणाली.

"मग हे दान की जाहिरात?"

"अहो, चकलीचा तुकडा तरी घशाखाली जाऊ द्या," सौ. म्हणाली. पण भाचीने ताट बाजूला सरकवले. "मामा, तू मला एवढंच सांग, ती मुलगी शाळेत गेली तर बिघडलं कुठे? कंपनीच्या मनात काय होतं ते कुणाला दिसतं? मुलगी शाळेत जाते ते दिसतं."

उत्तर चोख होते, आणि म्हणूनच मला झोंबले. निवृत्तीनंतर वाचनाचा नाद लागला आहे. इंग्लंडातील एका जुन्या खटल्याची हकीकत त्याच सुमारास वाचण्यात आली होती. म्हटले, हिला ती सांगावी आणि निरुत्तर करावे. ती हकीकत त्याच कॅडबरीची. मी तिला जशी सांगितली तशीच येथे देतो.

कॅडबरी हे घराणे क्वेकर पंथाचे. हे लोक युद्ध निषिद्ध मानणारे, शपथ न घेणारे, दारूला न शिवणारे. इंग्लंडात कित्येक पिढ्या त्यांना विद्यापीठांची दारे बंद होती, तेव्हा ते व्यापारात शिरले. आणि दारूला उतारा म्हणून कोको विकणे त्यांना धर्मकार्यासारखेच वाटे. जॉर्ज कॅडबरी आणि त्याचा भाऊ रिचर्ड यांनी १८७९ साली आपला कारखाना बर्मिंगहॅम शहराच्या धुरातून उचलून बाहेर मोकळ्या रानात नेला. त्या जागेला नाव दिले बॉर्नव्हिल. १८९५ पासून जॉर्जने तेथे गाव वसवायला घेतले. प्रत्येक घराला बाग, बागेत फळझाडे, खेळायला मैदाने, आणि गावात दारूचा एकही गुत्ता नाही! १९०० साली तीनशेवर घरे झाली होती. ती सगळी जॉर्जने एका विश्वस्त संस्थेच्या नावे करून दिली. मुंबईच्या गिरणगावात त्याच वेळी दहा बाय दहाच्या खोलीत किती माणसे निजत होती हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना बॉर्नव्हिल म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

आणि हा नुसता देखावा नव्हता. बोअर युद्धाच्या वेळी व्हिक्टोरिया राणीने सैनिकांसाठी चॉकलेट मागविले. राणीची मागणी ही केवढी जाहिरात! पण युद्धावर पैसा कमवायचा नाही म्हणून कॅडबरी आणि त्याच पंथाच्या फ्राय व राउंट्री या कंपन्यांनी ते नफा न घेता केले, आणि डब्यांवर आपले नाव घालायलाही ते राजी नव्हते. फुकटची जाहिरात नाकारणारा व्यापारी आजच्या काळात मला कोणी दाखवावा. एवढे करून जॉर्ज थांबला नाही. युद्धाला विरोध करण्यासाठी त्याने १९०१ साली 'डेली न्यूज' हे वर्तमानपत्र विकत घेतले. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत चिनी मजूर आणून त्यांना गुलामासारखे राबवतात, म्हणून या पत्राने पुढे रान उठविले, आणि १९०६ च्या निवडणुकीत उदारमतवादी पक्षाला त्याचा चांगलाच फायदा झाला.

आता वहीचे दुसरे पान.

आफ्रिकेच्या पश्चिमेला, विषुववृत्ताजवळ, साओ तोमे नावाचे एक चिमुकले बेट आहे. त्या काळी ते पोर्तुगालचे. तेथील कोको उत्तम, आणि कॅडबरीच्या कोकोचा मोठा भाग तेथूनच येई. १९०१ साली जॉर्जचा पुतण्या विल्यम याच्या हाती त्या बेटावरील एका मळ्याच्या विक्रीचे कागद आले. मळ्याबरोबर काय काय मिळणार याची यादी त्यात होती. जमीन, जनावरे, आणि दोनशे काळे मजूर. मजुरांची किंमत साडेतीन हजार पौंडांच्या वर लावलेली.

मी हिशेबनीस माणूस. ही नोंद वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. मजुरी खर्चाच्या बाजूला असते. मजूर जर मालमत्तेच्या बाजूला आला, तर तो मजूर नव्हे, गुलाम. हे समजायला क्वेकर असावे लागत नाही, पहिल्या वर्षाचा वाणिज्याचा विद्यार्थी पुरे.

पोर्तुगालने गुलामगिरी कागदावर कधीच बंद केली होती. कागदावर हे सारे पाच वर्षांच्या कराराचे मजूर. परंतु ते अंगोलाच्या आतल्या मुलखातून धरून, खोड्यांत अडकवून किनाऱ्यावर आणलेले असत; बोटीवर चढण्यापूर्वी त्यांच्याकडून कराराला होकार घेतल्याचे नाटक होई, आणि बेटावरून परत आलेला माणूस कुणी पाहिलेला नसे. पाच वर्षे संपली की करार आपोआप पुढची पाच वर्षे चाले. हेन्री नेव्हिन्सन नावाचा एक इंग्रज पत्रकार १९०४ च्या अखेरीस अंगोलात उतरला आणि गुलामांच्या तांड्यांच्या वाटेने पायी गेला. त्या वाटेवर त्याला टाकून दिलेले लाकडी खोडे पडलेले दिसले. त्याचे पुस्तक १९०६ साली निघाले.

विल्यम कॅडबरीने काय केले? त्याने दुर्लक्ष केले असे म्हणणे हा अन्याय होईल. १९०३ मध्ये तो स्वतः लिस्बनला गेला. मळेवाले म्हणाले, सुधारणेचा नवा कायदा होतो आहे, थोडा धीर धरा. त्याने धीर धरला. मग इतर कोकोवाल्यांबरोबर मिळून जोझेफ बर्ट नावाच्या आपल्याच पंथाच्या माणसाला चौकशीसाठी पाठवायचे ठरले. बर्ट आधी पोर्तुगीज शिकला. १९०५ साली निघाला, १९०७ साली परतला, आणि नेव्हिन्सनने सांगितले होते तेच त्यानेही सांगितले. तेवढ्यात इंग्रज परराष्ट्र खाते म्हणाले, जरा सबुरीने घ्या. कारण ट्रान्सवालच्या खाणींना मजूर लागत ते पोर्तुगालच्याच मोझांबिकमधून, आणि पोर्तुगालला दुखवून चालण्यासारखे नव्हते. पुन्हा सबुरी. आणि या साऱ्या सबुरीच्या काळात साओ तोमेचा कोको बॉर्नव्हिलच्या बागांमधून कारखान्यात जात होता.

२६ सप्टेंबर १९०८ रोजी लंडनच्या 'स्टँडर्ड' पत्राने तोफ डागली. विल्यम तेव्हा स्वतः आफ्रिकेला जाण्याच्या तयारीत होता. बॉर्नव्हिलच्या कामगारांची एवढी काळजी घेणाऱ्या, आणि चिनी मजुरांसाठी गळा काढणाऱ्या या सत्पुरुषांना अंगोलातील गुलाम कसे दिसत नाहीत, असा त्या लेखाचा रोख. कॅडबरींनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. मार्च १९०९ मध्ये त्यांनी, फ्राय आणि राउंट्री यांच्यासह, साओ तोमेचा कोको घेणे बंद केल्याचे जाहीर केले. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर बर्मिंगहॅम येथे खटला उभा राहिला.

कॅडबरीच्या बाजूने रूफस आयझॅक्स. आमच्या वडिलांच्या पिढीला हे गृहस्थ लॉर्ड रीडिंग म्हणून ठाऊक होते. पुढे १९२१ साली ते व्हाइसरॉय होऊन हिंदुस्थानात आले. 'स्टँडर्ड'च्या बाजूने एडवर्ड कार्सन. १८९५ साली ऑस्कर वाइल्डची उलटतपासणी घेऊन त्याला धुळीस मिळविणारा तो हाच. कार्सनने विल्यमला पिंजऱ्यात घेतले. तेथली गुलामगिरी क्रूर होती काय? होती. माणसांना बळजबरीने धरून नेत काय? नेत. हे आपणाला माहीत होते काय? होते. मग आठ वर्षांत एकूण किती रुपयांचा, म्हणजे पौंडांचा, माल घेतलात? उत्तर आले तेरा लाख पौंडांच्या वर. त्या वेळच्या भावाने आपले जवळजवळ दोन कोटी रुपये.

विल्यमची बाजू अशी की, आम्ही लगेच खरेदी थांबवली असती तर आमचा कोको दुसऱ्याने घेतला असता, आणि मळेवाल्यांवर आमचा जो काही दाब होता तोही गेला असता. दुसरी बाजू अशी की, ब्रिटिशांच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, छोटे आफ्रिकी शेतकरी स्वतःच्या जमिनीत चांगला कोको पिकवू लागले होते, आणि ती दुसरी वखार दृष्टिपथात आल्यावरच कॅडबरींच्या सदसद्विवेकाला निर्णय घ्यायचे बळ आले. १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट कोकोच्या उत्पादनात जगात पहिला झाला. मला विचाराल तर दोन्ही बाजू खऱ्या आहेत. माणसाच्या मनात, आणि कंपनीच्या तर नक्कीच, ही दोन्ही खाती एकाच वहीत लिहिलेली असतात आणि कुठली रक्कम कुठल्या खात्यातून आली हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

पंचांनी निकाल दिला. 'स्टँडर्ड'ने बदनामी केली हे खरे, फिर्यादी जिंकले. नुकसानभरपाई किती? एक फार्दिंग.

फार्दिंग म्हणजे पाव पेनी. त्या वेळी सोळा पेन्सचा एक रुपया आणि रुपयाचे पैसे चौसष्ट. म्हणजे बरोबर आपला जुना एक पैसा. तुमची अब्रू गेली हे आम्हाला मान्य आहे, आणि तिची किंमत एवढी एवढी आहे, असे त्या बारा जणांनी सांगितले. याहून नेमका हिशेब मी तरी आयुष्यात पाहिलेला नाही.

मी थांबलो. सौ. कधीच स्वयंपाकघरात निघून गेली होती. बहीण डब्यातले तिसरे चॉकलेट सोलीत होती. भाची मात्र लक्ष देऊन ऐकत होती.

"मामा, पण त्या स्टँडर्डवाल्याला तरी अंगोलाच्या माणसांचा कळवळा होता का?"

हा प्रश्न माझ्या अपेक्षेत नव्हता. कळवळा कुठला? 'स्टँडर्ड' हे हुजूरपक्षाचे पत्र. त्याला उदारमतवाद्यांची आणि 'डेली न्यूज'ची खोड मोडायची होती. चिनी मजुरांच्या नावाने ज्यांनी मते मिळवली त्यांच्याच दारातली घाण दाखवायची होती, इतकेच.

"म्हणजे एकाने नफ्यासाठी थांबवलं नाही, दुसऱ्याने राजकारणासाठी ओरड केली, आणि खरेदी बंद झाली ती लोक काय म्हणतील म्हणून. मन कुणाचंच साफ नव्हतं. काम मात्र झालं." ती म्हणाली, "मग मी काय वेगळं सांगत होते?"

तिला निरुत्तर करायला निघालेला मी स्वतःच गप्प बसलो. पण थोडा विचार करता तिच्या बोलण्यातली एक फट सापडली. काम झाले ते ओरड झाल्यावर झाले. आधीची सात वर्षे मने, प्रार्थना आणि बागा होत्याच की! आपल्याकडचेच पाहा. ऑक्टोबर २००३ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईतल्या काही दुकानांत कॅडबरीच्या वड्यांत अळ्या सापडल्याचे जाहीर केले. ऐन दिवाळीचे दिवस. कंपनीचे पहिले म्हणणे असे की, दुकानदार माल नीट ठेवीत नाहीत. प्रशासनाने विचारले, मग वेष्टन असे का नाही की अळी शिरणारच नाही? पेपरांतून आणि दूरदर्शन वाहिन्यांवरून गदारोळ झाला, लोकांनी वड्या घेणे सोडले, आणि नव्या वर्षाच्या आरंभी वडी घट्ट सीलबंद कागदात आली. सोबत भरवसा द्यायला अमिताभ बच्चन आले. घट्ट कागद करता येत होता. महाग पडत होता, इतकेच. अब्रू जाण्याची किंमत कागदाच्या किमतीहून मोठी झाली तेव्हा तो परवडू लागला.

कंपनीला मन नसते. पण तिला शेंडी असते, आणि ती शेंडी म्हणजे तिचे नाव. ती धरणारा कोणी असला तर कंपनी धर्माने वागते. तो धर्म खरा की खोटा, हा प्रश्न कीर्तनकाराचा आहे. शेंडी कुणाच्या हातात आहे, आणि ज्याचे हाल होतात त्याला ती धरता येते का, हा प्रश्न आपला. अंगोलातल्या माणसाला बर्मिंगहॅमची शेंडी दिसतसुद्धा नव्हती. आजही फारसे वेगळे नाही. बड्या चॉकलेट कंपन्यांनी २००१ साली करार करून, कोकोच्या शेतीतली वाईटातली वाईट बालमजुरी २००५ पर्यंत संपवू असे वचन दिले. मुदती पुढे पुढे गेल्या. शिकागो विद्यापीठातील संशोधकांचा २०२० साली निघालेला अहवाल सांगतो की, घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन देशांत कोकोच्या शेतीत बालमजुरी करणारी मुले सुमारे १५ लाख ६० हजार आहेत. घाना म्हणजे तोच गोल्ड कोस्ट, जेथे गुलाम नाहीत म्हणून कॅडबरी गेले होते.

हे सगळे मी भाचीला जरा आवेशानेच सांगितले. तिने ऐकून घेतले आणि मग अगदी साध्या स्वरात विचारले, "मामा, तुमच्या कंपनीत काय होतं रे?"

बहिणीने मान वर केली. तिला थोडेफार ठाऊक होते.

आमच्या कंपनीचे नाव येथे लिहीत नाही. १ एप्रिल २०१४ पासून आपल्याकडे कायदा आला. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांतले एक जरी असले तर गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करा. पहिल्याच वर्षी आमच्या साहेबांनी जिल्हा परिषदेच्या एका शाळेला पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दिले. मांडव, फोटोग्राफर, शाल-श्रीफळ, पाहुण्यांच्या गाड्या, आणि भिंतीवर दुरून वाचता येईल असा संगमरवरी फलक. यंत्राच्या बिलापेक्षा समारंभाचे बिल जास्त झाले. मी हिशेब मात्र चोख ठेवला. यंत्र समाजकार्याच्या खात्यात आणि समारंभ जाहिरातीच्या. त्याबद्दल लेखापरीक्षकाने माझी पाठ थोपटली.

त्याच सुमारास आमच्या कारखान्यात कंत्राटदाराकडून आलेल्या बाया झाडलोट करीत. किमान वेतनातला महागाईचा भाग वाढला होता, पण कंत्राटदार जुन्याच दराने पैसे देत होता. चौदा महिन्यांचा फरक तुंबला. कंत्राटदाराने दिला नाही तर तो मूळ मालकाने द्यायचा, असे तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कायद्यात स्पष्ट होते. त्या बायांपैकी एक मावशी माझ्या टेबलाशी दर महिन्याला येई आणि विचारी, "साहेब, आमच्या कागदाचं काय?" कागद माझ्याच खणात होता. मी तो वर पाठवला नाही. साहेबांनी सांगितले होते, कंत्राटदार बदलायचा आहे, तोपर्यंत थांबा. दोन टक्क्यांतले पैसे शिल्लक होते. पण आपल्या कामगारांच्या भल्याचा खर्च त्या खात्यात धरता येत नाही, असा नियम. नियम योग्यच आहे. नाहीतर सगळ्यांनी पगारच समाजकार्यात घातले असते. मी मावशींना सांगत असे, "प्रोसेस चालू आहे." विल्यम कॅडबरीला निदान लिस्बनला तरी जावे लागले. मला खण उघडायचा होता.

शेवटी कुणीतरी एका वर्तमानपत्राला कळवले. आतल्या पानावर चार ओळींची बातमी आली, कंपनीचे नाव घालून. आठव्या दिवशी साऱ्या बायांचा फरक मिळाला. वृत्तपत्राला कळवणारा मी नव्हतो. मी असतो तर हा लेख लिहिला नसता, किंवा जास्त ऐटीत लिहिला असता.

भाचीने काही म्हटले नाही. तिने फक्त विचारले, "ते पाण्याचं यंत्र चालतं का अजून?"

मला ठाऊक नव्हते. निवृत्तीला इतकी वर्षे झाली, एकदाही गेलो नव्हतो. तुळशीचे लग्न झाल्यावर एक दिवस एसटीने गेलो. फलक झकास आहे. अक्षरांत नुकताच नवा सोनेरी रंग भरलेला दिसला. यंत्राचा नळ कोरडा. आतली कांडी वर्षभरात बदलावी लागते आणि तिला पैसे कुणी ठेवले नव्हते, असे बाई म्हणाल्या. यंत्राच्याच कट्ट्यावर त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक माठ ठेवला होता, त्यावर ताटली आणि साखळीने बांधलेला पेला. उन्हातून आलो होतो. मी त्यातलेच पाणी प्यालो.

भाचीला फोनवर हे सांगितले. ती "बरं" म्हणाली, आणखी काही नाही. पुढे संक्रांतीला तिळगूळ द्यायला आली तेव्हा म्हणाली, "मामा, आमच्या कंपनीकडून सहा शाळांना यंत्रं जाणार आहेत. करारात पाच वर्षांची देखभाल घालायची म्हणून मी हट्ट धरला. खर्च वाढतो म्हणून साहेब आधी नाहीच म्हणाले. मग म्हणाले, पाच वर्षांची देखभाल द्यायची तर फलक मोठा पाहिजे, आणि रस्त्याकडच्या भिंतीवर पाहिजे. काय करू?"

"किती मोठा?" मी विचारले.

तिने दोन्ही हात पसरून दाखवले.

"लाव," मी म्हटले. "आणि कुणाला कळवायचं तो टेलिफोन नंबरही त्यावरच घाल. तेवढ्याच मोठ्या अक्षरात."

नंबराला साहेब अजून राजी झालेले नाहीत. तिचे प्रयत्न चालू आहेत.